चार थेंब पडले की पुरे

संभाजीनगरच्या छावणीत सपाट जागा कुठे आहे, हे आता मला पक्कं माहीत आहे. ती लष्कराच्या ताब्यात आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची ही जुनी छावणी; १८५७ मध्ये इथल्याच स्वारांनी बंड केलं होतं. घोडदळ म्हटलं की कवायतीला सपाट मैदान आलंच. उरलेली छावणी, म्हणजे जिथे माझ्यासारखी बिनलष्करी माणसं राहतात ती, खाम नदीच्या बाजूला थोडी थोडी कललेली आहे. जन्मभर शाळेत भूमिती शिकवूनही हा कल माझ्या नजरेतून सुटला होता. तो दाखवून दिला माझ्याच गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाने, आणि तेही गुरुवारच्या भर बाजारात.

मुळात माझ्याकडे ऑटोमॅटिक गाडी आली ती डाव्या गुडघ्यामुळे. नगर नाक्यापासून बाबा पेट्रोल पंपापर्यंत संध्याकाळी सहाला गाडी चालवून बघा. क्लच, ब्रेक, क्लच, पुढे रिक्षा, क्लच. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "जिने फार चढता का?" मी म्हटलं, "नाही, शहरात राहतो."

आमच्या शहराला गाड्यांचं वेड पूर्वीपासूनचं. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी मोट बांधून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. मी तेव्हा स्कूटरवर होतो. पुढे केव्हातरी त्यातल्या एका मर्सिडीजमध्ये, एका माजी विद्यार्थ्याच्या कृपेने, क्रांती चौकापर्यंत बसायला मिळालं. भूमितीत तो कायम काठावर पास झालेला. पण त्याच्या डाव्या पायाला काहीही काम नव्हतं, हे मी बघितलं. ते मनात राहून गेलं.

माझी गाडी मर्सिडीज नाही. कोणती आहे तेही सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नव्हता. सिडकोतल्या एका सद्गृहस्थाकडून घेतलेली, जुनी, सहा गिअरची खरी ऑटोमॅटिक. 'खरी' का म्हणतो ते पुढे येईलच. वर्षभर सुखाने चालली. मग गिअर टाकताना ती 'ठक्' करायला लागली. पार्किंगमधून रिव्हर्समध्ये टाकली की ठक्, तिथून ड्राइव्हमध्ये आणली की पुन्हा ठक्, आणि एसी चालू असला की सगळ्या अंगाला हिसका. नाशिकचे मेहुणे आले होते, त्यांना घृष्णेश्वराला घेऊन निघालो. दौलताबादच्या घाटात वळणावर ठक् झालं. मेहुणे मागच्या सीटवरून, डोळेही न उघडता म्हणाले, "गिअरबॉक्स गेला. दीड लाख."

मेहुण्यांच्या स्वतःच्या घरी मोटारसायकल आहे. पण आकडा एवढ्या ठामपणे सांगितला की तो खरा वाटतो. वेरूळला देवाला मी काय मागितलं ते सांगायला नको.

घरी आल्यावर ठरवलं की आधी तेल बघायचं. बॉनेट उघडलं, पिवळ्या कडीचं गेज उपसलं, फडक्याला पुसलं. काळंभोर! ऑटोमॅटिकचं तेल लालचुटूक असतं, काळं झालं की आतल्या क्लच प्लेटा जळाल्या असं समजावं, एवढं वाचून झालं होतं. मी तिथेच पायरीवर बसलो. शेजारचे सुभेदारसाहेब कुंपणाशी उभे होते. साताऱ्याकडचे, ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलातून निवृत्त. रणगाड्यापासून मिक्सरपर्यंत सगळं उघडलेला माणूस. त्यांनी फडकं नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "मास्तर, हे इंजिन ऑइल आहे. ते काळंच असतं."

मग मला इंजिनाच्या कडेला एक छोटी बाटली दिसली. टोपण उघडलं तर आत लाल तेल! आणि ते खुणेच्या खाली! मला एवढा आनंद झाला की मी घरात हाक मारली. सुभेदारसाहेब म्हणाले, "ते स्टिअरिंगचं." बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच लाल तेल चालतं, त्यामुळे माझं अगदीच चुकलं नव्हतं, असं त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

"मग गिअरबॉक्सचं गेज कुठे आहे?"

"नाहीये."

हे मला पटेना. पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांना गेज असायचं. काहींत ते इंजिन चालू ठेवून बघायचं, काहींत बंद केल्यावर मिनिटभरात. आता अनेक कंपन्यांनी ते काढूनच टाकलं आहे. तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे, ग्राहकाने त्यात नाक खुपसू नये, हा हेतू. गंमत म्हणजे झेडएफसारखी गिअरबॉक्सच बनवणारी जर्मन कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असं सांगते. म्हणजे कोणाच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललंय, हे एकदा बसून ठरवायला हवं.

मी अभ्यासाला लागलो. निवृत्त शिक्षकाला अभ्यासाला विषय मिळाला की घरच्यांचे हाल सुरू होतात. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल दातेरी चाकांना वंगण देतं, बस. ऑटोमॅटिकमध्ये सगळा कारभार तेलाचाच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसलेला असतो. समोरासमोर दोन टेबल फॅन ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो, तसं इथे वाऱ्याच्या जागी तेल. तेच तेल दाबाखाली धावून आतले क्लच आवळतं, तेच उष्णता वाहून नेतं, तेच वंगण. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक आणला, ओल्ड्समोबिल गाडीत, तेव्हापासून मूळ सूत्र हेच. आणि तेल लाल का? तर रंग घातलेला असतो; गळती झाली की इंजिनची की गिअरबॉक्सची हे जमिनीवरच्या डागावरून कळावं म्हणून. हा खुलासा पुढे माझ्या फार कामी आला, पण मला हवा तसा नाही.

त्यातच एक गोष्ट सापडली आणि मी ती उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरात जाऊन सांगितली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात देवमाशाचं तेल घालत असत. स्पर्म व्हेलचं. क्लच गुळगुळीत लागावेत म्हणून. अमेरिकेत देवमाशाच्या संरक्षणाचे कायदे आले, ते तेल बंद झालं आणि तिथल्या गिअरबॉक्सवाल्यांची पाचावर धारण बसली.

हिने पोळी लाटता लाटता विचारलं, "आपल्या गाडीत मासा आहे?"

"अगं, आता नसतो."

"नक्की? दर गुरुवारी मी तिच्यात बसून दत्ताला जाते."

मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, काहीही उघडू नका." मी सगळी लक्षणं सांगितली. तो म्हणाला, "गॅरेजवाल्या उस्तादला दाखवा." मी म्हटलं, दाखवणारच आहे, पण आधी पातळी बघतो. पोरगं शेवटी माझंच. त्याने पद्धत शोधून पाठवली आणि एक इवलासा ओबीडी स्कॅनरही कुरिअरने पाठवला. तो स्टिअरिंगखालच्या खाचेत लावला की गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मोबाइलवर दिसतं.

पद्धत अशी. गाडी चारी चाकांवर सारखी उचलायची. ती तंतोतंत सपाट हवी. इंजिन चालू. ब्रेक दाबून गिअर सगळ्या घरांतून फिरवून पुन्हा पार्किंगमध्ये. तेल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आलं की गिअरबॉक्सच्या तेलाच्या चेंबरखालचा छोटा नट खोलायचा. आत एक उभी नळी असते; तेल पुरेसं असेल तर तिच्या काठावरून जास्तीचं तेवढं सांडतं आणि मग थेंब थेंब होतं. चार थेंब पडले की पुरे. नट बसवायचा. एकही थेंब नाही पडला तर तेल कमी. थंड असताना उघडलं तर तेल आक्रसलेलं, पातळी खोटीच खाली दिसते. फार तापल्यावर उघडलं तर फुगलेलं, नको तेवढं वाहून जातं.

३५ ते ४५. ज्यांनी हे आकडे लिहिले ते मे महिन्यात संभाजीनगरला आलेले दिसत नाहीत. दुपारी एक वाजता मी गंमत म्हणून स्कॅनर लावला, गाडी सकाळपासून उन्हात बंद उभी होती. चव्वेचाळीस. इंजिन चालू करायच्या आधीच आमची परीक्षेची वेळ संपत आली होती. म्हणजे काम पहाटेच करायला हवं.

आता सपाट जागा. कवायतीचं मैदान मोटारीचं तेल बघायला मिळावं, असा अर्ज कोणाकडे करायचा हे सुभेदारसाहेबांनाही सांगता येईना. शेवटी गल्लीच बरी. माझ्या डोळ्यांना ती सपाट होती. समोर एका घराचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याला हाक मारली. त्याने लेव्हलची नळी आणली, पाणी भरलं, एक टोक मला धरायला लावलं, दुसरं घेऊन तो गाडीच्या मागच्या चाकाशी गेला. माझ्याकडचं पाणी वर चढत चढत नळीतून बाहेर आलं आणि चपलेवर सांडलं.

"चार बोटं उतार आहे सर."

"छे! सपाट दिसतंय की."

"सपाट ठेवला तर पावसाळ्यात पाणी तुमच्याच दारात थांबेल. मग तुम्हीच अर्ज देणार."

म्हणून गॅरेजमधून चार घोड्या आणल्या. गाडी उचलून खाली लावायच्या लोखंडी स्टँडला तिकडे घोडी म्हणतात. पुढच्या दोन उंच, मागच्या दोन बुटक्या, असं करत गाडी पाण्याच्या पातळीत आणली. हे बुधवारी रात्री. माझ्या मते त्या रात्री छावणीत तंतोतंत सपाट अशी एकच वस्तू होती.

गुरुवारी पहाटे पाचला उठलो आणि साडेपाचला नळाला पाणी आलं. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना या वाक्याचा अर्थ कळणार नाही. हिने फक्त "आधी पाणी" एवढंच म्हटलं. टाकी, ड्रम, पिंप, बादल्या, पातेली, शेवटी कुकर, असं करत मोकळा झालो तेव्हा साडेआठ झाले होते. सूर्य गल्लीच्या तोंडाशी आला होता आणि गुरुवार असल्याने गल्लीतून बाजार वाहायला लागला होता. छावणीचा आठवडी बाजार बघितला नसेल तर एवढंच सांगतो, की भाजी, भांडी, कोंबड्या, बकऱ्या असं सगळं आपापल्या मालकांसह, आणि मालक आपापल्या आवाजासह, एकाच दिशेने जात असतं.

शहाण्या माणसाने त्या दिवशी गाडी खाली उतरवली असती. पण स्कॅनरवर बत्तीस होते. एवढी चांगली सुरुवात पुन्हा मिळाली नसती.

सुभेदारसाहेब ड्रायव्हरच्या जागी बसले. त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर सगळ्या घरांतून फिरवले. हवेतली चाकं गरगर फिरली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी गवंड्याचं घमेलं आणि ॲलन की घेऊन, पाठीखाली जुनी सतरंजी अंथरून, गाडीखाली सरकलो. माझे फक्त पाय बाहेर. वरून साहेब तोफखान्याला हुकूम द्यावेत तसे आकडे देत होते.

"तेहेतीस! चौतीस! पस्तीस! मास्तर, तयार!"

मी नट खोलला. बारीक धार आली, तिचे थेंब झाले. एक. दोन. तीन. चार.

म्हणजे तेल बरोबर होतं. दीड लाखाचा प्रश्न सुटला होता. मी नट बसवून बाहेर यायचं, अंघोळ करायची आणि मेहुण्यांना फोन करायचा, एवढंच राहिलं होतं. पण मी आडवा पडून त्या भोकाकडे बघत राहिलो. एवढी मांडामांड, आणि चारच थेंब? उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय मी कोणाला पूर्ण गुण दिलेले नाहीत. आत काहीतरी अडकलं असेल तर? भोकाच्या आत पाहिलं तर आणखी एक षट्कोनी खाच दिसली. ॲलन की तिथेही चपखल बसली. आता जी वस्तू चपखल बसते ती फिरवून बघावी, हा मनुष्यस्वभाव.

ती खाच म्हणजे ती उभी नळीच होती, जिच्या काठावरून पातळी मोजतात. ती निघाली आणि तिच्यामागून चेंबरमधलं सगळं तेल आलं.

तेल कोमट होतं. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते प्रथम माझ्या कपाळावर पडलं. मी डोळे आणि तोंड घट्ट मिटून घेतलं, त्यामुळे ओरडता येईना. घमेलं चाचपडत होतो ते पायाने केव्हाच लाथाडलं होतं. वर साहेब मन लावून सांगत होते, "सदतीस! अडतीस!" इंजिन चालूच, आणि आतला पंप आता तेलाऐवजी हवा ओढत असणार. तेल सतरंजीवरून, माझ्या बगलेखालून, सुभेदारसाहेबांच्या दारावरून, गवंड्याने सांगितलेल्या चार बोटांच्या उताराने ऐटीत खाम नदीकडे निघालं.

आता हे बाजारातल्या माणसाच्या बाजूने बघा. गाडी अधांतरी. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि ते झटके देताहेत. बाजूने गडद लाल ओघळ वाहतोय.

कोथिंबिरीची टोपली घेतलेली मावशी पहिल्यांदा ओरडली, "अगं बाई गं, मास्तर गेले!" मागून कोणीतरी, "आदमी दब गया! गाडी उठाओ!" कोणी १०८ ला फोन लावला. आणि आमची छावणी मदतीला मागे हटत नाही. क्षणात दहा-बारा जण धावले, त्यांनी गाडीला हात घातले आणि तिला उचलायला लागले. चार घोड्यांवर तोललेली ती गाडी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर डुलली. त्या दिवसातला खरा अपघात तो आता होणार होता.

"थम्!"

सुभेदारसाहेबांनी उभ्या आयुष्यात जेवढा आवाज साठवला असेल तेवढा त्या एका शब्दात घातला. माणसं जागच्या जागी थांबली. बकऱ्यासुद्धा थांबल्या. त्यांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत मी सरपटत बाहेर आलो, डोक्यापासून कमरेपर्यंत लाल, आणि उठून बसलो. मावशीच्या हातातली टोपली पडली. कोणीतरी "या अल्ला" म्हणालं, कोणीतरी "पांडुरंगा". मी तोंड पुसून सांगायचा प्रयत्न केला की हे रक्त नाही, हे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आहे आणि रंग मुद्दाम घातलेला असतो. कोणालाही ते पटल्यासारखं दिसलं नाही.

वरच्या गॅलरीतून ही म्हणाली, "अहो, शर्ट कुठला घातलाय?"

तो मुलाच्या लग्नातला होता.

मग गल्लीभर वाळू आणि लाकडाचा भुसा पसरला, १०८ वाल्यांना फोनवर समजावलं, मावशीला लाल झालेल्या कोथिंबिरीचे पैसे दिले आणि कोणाची तरी लुना मागून जालना रोडला तेल आणायला गेलो. गुडघा म्हणाला, बघितलंस?

दुकानदाराने विचारलं, "कुठलं देऊ?"

"ऑटोमॅटिकचं. लाल."

"सर, बहुतेक सगळेच लाल." त्याने फळीवर बोट फिरवलं. डेक्सरॉन थ्री, डेक्सरॉन सिक्स, मरकॉन, जपानी गाड्यांचं वेगळं, सीव्हीटीचं वेगळं, डबल क्लचवाल्यांचं वेगळं. यातलं भलतंच घातलं तर काही दिवस गाडी चालते आणि मग सावकाश आतले क्लच घसरायला लागतात. एकाच रंगाच्या एवढ्या बाटल्या बघून माझा अभ्यास पार गळाला. त्याने गाडीचं मॉडेल आणि साल विचारलं, जाडजूड पुस्तकात बघून नंबर काढला. लिटरला हजाराच्या आसपास.

"किती लिटर?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. जेवढं निघालं तेवढं भरायचं, असा नियम. म्हणून निघालेलं तेल मोजायचं असतं. माझं निघालेलं तेल अर्धं भुशात होतं, थोडं शर्टात, आणि बाकीचं एव्हाना लोखंडी पुलाच्या दिशेने गेलं असावं. "पाच द्या," मी म्हटलं.

दुपारी उस्ताद आला. त्याने आधी गाडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी अजून शर्ट बदललेला नव्हता. बदलला असता तर टाकून द्यावा लागला असता, आणि हिचा निर्णय व्हायचा होता. उस्तादने माझी बाही पिळली, दोन थेंब बोटांवर घेऊन चोळले, उन्हात धरले, हुंगले.

"ऑइल अच्छा है सर. थोडा पुराना है, लेकिन जला नहीं. प्लेट का कचरा बी नहीं."

त्याचा हिशोब सोपा. लाल म्हणजे चांगलं. तपकिरी म्हणजे वय झालं, बदला. काळं आणि जळका वास म्हणजे प्लेटा खलास. आणि दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलं. रेडिएटरच्या आत या तेलाचा कूलर असतो, तो फुटला की असं होतं, किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली तर. माझ्या बाहीवर यातलं काहीच नव्हतं.

"तो फिर खोला कायकू?"

मी मुलाने पाठवलेली पद्धत दाखवली. तेल आयुष्यभर टिकतं हे वाक्यही त्यात होतं. उस्तादने ते दोनदा वाचलं. "लाइफटाइम? किसकी लाइफटाइम सर? आपकी के गाडी की?"

मी म्हटलं, मग मशीन लावून सगळंच तेल बदलून टाकू, फ्लशिंग करू. तो म्हणाला, "नक्को." जुन्या गाडीत, जिचा इतिहास माहीत नाही तिच्यात, मशीनने दाबाने तेल फिरवलं की बसलेला गाळ उठतो आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतो. चेंबरमधून निम्मं-अधिक निघालंच आहे, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आहे ते राहू दे. आत्ता नवं भरू, काही महिने चालवा, मग पुन्हा एकदा अर्धं बदलू. त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. म्हणजे मी केलं ते कधी ना कधी करायचंच होतं. फक्त ते बाजारात, अंगावर घेऊन करायचं नव्हतं.

तेलात मात्र त्या दुपारी हात घालता येईना. स्कॅनरवर इंजिन बंद असताना सत्तेचाळीस. उस्ताद म्हणाला, रात को आता. दिवसभर गाडी घोड्यांवर गल्लीत तशीच राहिली. बाजारातून परतणारे थांबून विचारत, "यहीच था क्या?" आणि मला दाखवून पुढे जात. संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. ही बातमी नाशिकपर्यंत कशी गेली, हे मी विचारलं नाही. आमची ही आत जरा घाईने गेली एवढं बघितलं.

रात्री अकराला उस्ताद हातपंप घेऊन आला. नळी जागेवर बसवली, खालूनच पंपाने तेल चढवलं, इंजिन चालू केलं, गिअर फिरवले, वाट बघितली. चाळीसला थेंब पडायला लागले. एक, दोन, तीन, चार. त्याने नट आवळला आणि उठला. दोन मिनिटं. मी विचारलं, "एवढंच?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही.

मग गाडी खाली उतरवली, बॉनेट उघडलं, सुभेदारसाहेबांना ब्रेक दाबून रिव्हर्स-ड्राइव्ह, रिव्हर्स-ड्राइव्ह करायला लावलं. बॅटरीच्या उजेडात मी बघितलं, इंजिन अख्खंच्या अख्खं एका बाजूला उचललं जायचं आणि ठक् करून बसायचं.

"फाउंडेशन गया सर."

इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. उजव्या बाजूचं रबर फाटून चिंध्या झालं होतं. म्हणून गिअर टाकला की हिसका, एसीचा भार आला की जास्त हिसका. गिअरबॉक्स ठणठणीत. तेलाचा या सगळ्याशी कधीच संबंध नव्हता. फाउंडेशन दुसऱ्या दिवशी बदललं, मेहुण्यांच्या आकड्याच्या मानाने चिल्लर खर्चात. ठक् बंद झालं.

या प्रकरणानंतर छावणीत माझं नाव झालं, पण मला वाटलं होतं तसं नाही. लोकांनी एवढंच ध्यानात ठेवलं की मास्तर गाडीखाली झोपून ऑटोमॅटिकचं तेल काढतात. आठवडाभरात पलीकडच्या गल्लीतला एक तरुण नवी कोरी गाडी घेऊन दारात आला. ऑटोमॅटिक. "सर, आमच्याही गाडीचं लाल ऑइल एकदा बघता का?"

मी गाडी बघितली. एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ही जात आपल्याकडे आली आणि घराघरात पोचली, कारण ती स्वस्त. आत साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. टॉर्क कन्व्हर्टर नाही, लाल तेलाचा चेंबर नाही. मी त्याला नीट समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून, की तुझ्या गाडीत ते तेल नसतंच.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मला तेल न घालताच गाडी दिली?"

मी पुन्हा आकृती काढली. तो शोरूममध्ये जाऊन भांडून आला. तिथे कोणी दाद दिली नाही, तेव्हा जालना रोडला जाऊन स्वतःच्या पैशाने एक लिटर लाल तेल घेऊन आला. आता ते नेमकं कुठून ओतायचं, हे विचारायला तो रोज संध्याकाळी बाटली घेऊन माझ्याकडे येतो.